आईच्या पोटातलं पाणी

दत्ताराम भाटकरच्या पायांनी रत्नागिरीच्या मांडवीत जे नाव कमावलं होतं, ते त्याच पायांनी मिरजोळ्याच्या सड्यावर, त्या कातळी माळावर, एका रविवारी सकाळी घालवलं. सड्यावर म्हणजे सड्याच्या चांगलं दोन हजार फूट वर, आणि तेही एका बाईच्या देखत.

नाव होतं ते पायपेटीचं. साधी पेटी काय, एका हातानं भाता मारून कुणीही वाजवतो. पायपेटीला दोन्ही हात पट्ट्यांवर आणि भाता मारायला खाली दोन्ही पाय. डावा, उजवा, डावा, उजवा, नाटक संपेस्तोवर. दत्ताराम पेटीवर बसला की मांडवीच्या नाट्यमंडळातले गायक निर्धास्त असायचे. दिवसा तो सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता, पण ती गोष्ट कुणी फारशी मनावर घेत नसे. चाळिशी उलटलेल्या अशा सज्जन माणसाला विमान शिकायची दुर्बुद्धी झाली, त्याला कारण त्याची आई.

आवडाबाईंना गाडी लागायची. आता कोकणात गाडी कुणाला लागत नाही? वळणंच तशी आहेत. पण आवडाबाईंचं लागणं काही औरच. एसटी हातखंब्याला पोचायच्या आत त्यांचं पोट ढवळायला लागे, लिंबू नाकाशी जाई, आणि पुढचं सगळं गाडीभर लोकांना भोगावं लागे. त्यांचं माहेर केळशी. रत्नागिरीहून केळशी म्हणजे चिपळूण, खेड, दापोली करत नुसती वळणंच वळणं. शेवटच्या खेपेला निवळीच्या तिठ्यावर कंडक्टरनं हात जोडून त्यांना उतरवलं, तेव्हापासून माहेर बंद. तिकडे धाकटा भाऊ बाबू, त्याचे गुडघे गेलेले. "त्याचे गुडघे, माझं पोट. आता बहीणभावंडांची भेट ती वरच," असं म्हणून त्यांनी एकदा आकाशाकडे बोट केलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. दत्तारामनं बोटाच्या दिशेनं वर बघितलं, आणि नेमकं त्याच वेळी एक छोटं विमान घरघरत भाट्याच्या खाडीवरून गेलं.

मुंबईच्या कुठल्याशा फ्लाइंग क्लबानं त्या हिवाळ्यात सड्यावरच्या धावपट्टीवर हौशी लोकांसाठी दर रविवारी वर्ग काढला होता. एरवी त्या पट्टीवर गुरं बसून रवंथ करायची. शेवटचा धडा म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्यानं लांबवर जाऊन यायचं. शेजारी शिकवणारा, मागच्या सीटवर आपलं घरचं एक माणूस. दत्तारामनं विचारलं, केळशीपर्यंत जाता येईल? येईल म्हणाले. वळणांचं त्यानं विचारलंच नाही. आकाशात कसली आलीत वळणं! घरी येऊन त्यानं आईला शब्द देऊन टाकला. "आई, तुला वरून केळशी दाखवीन. पोटातलं पाणी हलणार नाही."

आकाशातही वळावं लागतं, आणि जमिनीपेक्षा जास्त जपून वळावं लागतं, हे त्याला वर गेल्यावर कळलं. शिकवायला कॅप्टन दमयंती रेगे होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि हसण्याची सवय नाही.

"मिस्टर भाटकर, वळताना हातानं नुसतं चाक कलवून भागत नाही. पंख कलतात, पण नाक उलटीकडे ओढ घेतं. म्हणून त्याच बाजूचा पाय हलकेच दाबायचा. हात आणि पाय एकत्र. ही काचेची वाकडी नळी बघा. आत काळी गोळी आहे. गोळी मधे असली तर वळण गोड. गोळी बाजूला पळाली की विमान कडेला घसरतंय समजा. मागच्या सीटवरचा माणूसही घसरतो, आणि त्याचं पोटही."

पोट म्हटल्यावर दत्तारामचे कान टवकारले. पण हात आणि पाय एकत्र म्हटल्यावर तो मनातल्या मनात हसला. अहो, ही काल आलेली मुलगी कुणाला हातपाय एकत्र चालवायला शिकवतेय! त्यानं मोठ्या ऐटीत चाक डावीकडे कलवलं.

आणि पाय सुटले. हात कामाला लागले की पायांनी भाता मारायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. डावा, उजवा, डावा, उजवा. काळी गोळी नळीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पळायला लागली आणि विमानाची शेपूट गदागदा हलायला लागली. मांडवीच्या जेटीवर उभ्या असलेल्यांनी नंतर सांगितलं की विमान ओल्या कुत्र्यासारखं अंग झाडत गेलं.

"पाय का मारताय?" कॅप्टन ओरडल्या.

"मी नाही मारत, मॅडम. ते मारतात!"

खाली उतरल्यावर कॅप्टननी चष्मा काढला. ओरडल्या असत्या तर बरं, असं वाटायला लावणाऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत पाय ताब्यात आणा. नाही आले तर नाव कमी करीन. तुमच्या मागे मी कुणाच्या आईला बसवणार नाही."

घरी आई ओटीवर वाट बघत होती. "काय रे, दिसली का केळशी?" दत्ताराम म्हणाला, "अजून थोडं शिकायचंय." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, तिलाच बसवणार नाही म्हणजे काय! पण दत्ताराम भाटकर हा नाद सोडणाऱ्यांतला नव्हता. पाय माझे आहेत, मी त्यांचा नाही, असं त्यानं बायकोला ठणकावून सांगितलं. गुणवंती म्हणाली, "मग त्यांना सांगा की तसं. मला काय सांगताय?"

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. मांडवीत आजारी माणसाकडे एक वेळ कुणी फिरकणार नाही, पण सल्ला द्यायला घरटी एक माणूस हजर. शेजारचा सदू एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला. घाटात हयात गेलेली. तो म्हणाला, "दत्ताराम, वळण आलं की आधी हॉर्न दे. निम्मं वळण हॉर्नवर निघतं."

"विमानाला हॉर्न नसतो रे."

"मग वळतात कशाला?" सदूनं विचारलं.

गुणवंतीनं सुचवलं की पावसाळी गमबूट घाला, जड पाय आपोआप गप बसतील. कुणी म्हणालं घोट्याला काळा दोरा बांध. एकानं तर डाव्या पायाला उजव्या पायाशीच बांधायची अक्कल काढली. दत्तारामनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या बुद्धीनं सगळ्यांवर कडी केली. त्यानं अंगणातल्या आंब्याच्या फांदीला होडीच्या दोरखंडानं जेवणघरातली खुर्ची टांगली. मुठीची छत्री उलटी बांधून तिचं चाक केलं. पायाखाली दोन पाट. आणि खुर्चीच्या हाताला खळ लावून एक उथळ वाटी, तिच्यात काचेची गोटी. गोटी वाटीच्या मधे राहिली तर वळण गोड.

सदूनं खुर्ची धरून डावीकडे ओढायची आणि सोडायची. खुर्ची झुलायला लागली की दत्तारामनं छत्री कलवून पाय दाबायचा. पहिल्याच दिवशी चमत्कार झाला. पाय थोडे वळवळले, पण गोटी मधून हलली नाही! दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी दत्तारामनं मांडीवर ताकाचा काठोकाठ भरलेला पेला घेऊन झोके घेतले. थेंब सांडला नाही. अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर माणसं जमली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आवडाबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघितलंत ना? दत्तूनं मनावर घेतलंन की करतोच हो." दत्तारामनं तो पेला तिथेच, झुलत झुलत, पिऊन टाकला.

कचेरीत मात्र निराळंच वादळ घोंगावत होतं. सरकारी नोकराला रविवारीसुद्धा मुख्यालय सोडायचं तर परवानगी लागते. आस्थापना शाखेतल्या गंगारामला पेटीची हौस. दत्तारामच्या मागे मंडळात पेटी आपल्याकडे यावी, अशी त्याची फार दिवसांची मनीषा. त्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, "विमानात बसून वर गेलास म्हणजे मुख्यालय सोडलंस की नाही?"

"मी रत्नागिरीच्याच वर असतो की."

"वर म्हणजे किती वर? मुख्यालयाची हद्द पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशी दिलेली आहे. वरची दिलेली नाही."

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि शेरा मारला, की विमानाची सावली जोवर मुख्यालयाच्या हद्दीत पडते, तोवर कर्मचारी मुख्यालयात आहे असे समजावे. गंगारामनं लगेच शंका काढली, ढगाळ दिवशी काय? साहेब म्हणाले, ढगाळ दिवशी उडू नये. या निकालानं दत्तारामची छाती फुगली. सावलीसकट मंजुरी मिळालेला जिल्ह्यातला तो पहिलाच क्लार्क असणार.

त्या रविवारी लख्ख ऊन होतं. दत्तारामनं वर जाऊन डावं वळण घेतलं, आणि गोळी सरळ नळीच्या टोकाला जाऊन बसली. पायांनी भाता मारायला सुरुवात केली ती उतरेपर्यंत थांबवली नाही. "पण मॅडम, घरी गोटी हलत नव्हती!" असं म्हणून त्यानं आंब्याच्या खुर्चीची हकिगत सांगितली. कॅप्टन शांतपणे ऐकत होत्या.

"भाटकर, टांगलेल्या खुर्चीवर गोटी कधीच हलत नाही. झोका आपणहून कलतो आणि आपणहून तोल राखतो. तिथे तुम्ही पाय दाबा, हलवा, नाहीतर झोपी जा. तुम्ही आठवडाभर झोके घेतलेत."

दत्तारामला ते झुलत झुलत प्यायलेलं ताक आठवलं. गडग्याबाहेरच्या टाळ्या आठवल्या. माणसानं किती अपमान सोसावा याला काही सीमा आहे की नाही?

घरी येऊन त्यानं खुर्ची उतरवली आणि जाहीर केलं, "सगळ्या दुखण्याचं मूळ ती पायपेटी. आजपासून पेटी बंद. हात लावणार नाही. म्हणजे पाय लावणार नाही." गुणवंतीनं कपाळाला हात लावला. मंडळाचं नाटक तोंडावर आलेलं. नाटकात राजाचं काम करणारा रघू खातू धावत आला, विनवण्या केल्या, चिडला, रुसला. दत्ताराम ऐकेना. शेवटी मंडळानं पेटीवर गंगारामला बसवलं, आणि गंगारामनं नवा सदरा शिवला.

रंगीत तालीम संध्याकाळची होती. आवडाबाईंना बघायला जायचंच होतं, म्हणून दत्ताराम त्यांना घेऊन शेवटच्या रांगेत बसला. पाय खुर्चीखाली घोट्यात घट्ट अडकवून ठेवले होते. पडदा वर गेला. राजाच्या मिशा लावून रघू उभा राहिला, गंगारामनं पट्ट्यांवर बोटं ठेवली, आणि काहीच वाजलं नाही. गंगारामला साध्या पेटीची सवय. पाय मारायचे हे तो साफ विसरला होता. कुणीतरी ओरडलं, "पाय, पाय!" तशी तो पाय मारायला लागला आणि बोटं विसरला. मग दोन्ही आठवलं, तेव्हा पेटीतून म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज आला. पुढच्या रांगेतली पोरं हसून लोळायला लागली.

रघू मिशांसकट शेवटच्या रांगेपर्यंत आला. "दत्ताराम, पाया पडतो. नांदीपुरता ये. लाज राख."

"नाही म्हणजे नाही."

"ऊठ मेल्या," आवडाबाई म्हणाल्या. "गाव हसतंय, न् तू पाय बांधून बसलास होय?"

आईनं सांगितल्यावर इलाज नव्हता. दत्ताराम पेटीवर बसला. नांदीच्या सुरुवातीला रघू एक लांबच लांब सा लावायचा. त्याचा दम मांडवीत प्रसिद्ध होता. सा लागला. आणि आज पायांवर मनातून राग असल्यामुळे दत्तारामचं लक्ष प्रथमच खाली गेलं. इतक्या वर्षांत त्यानं वाजवताना स्वतःच्या पायांकडे बघितलंच नव्हतं. डावा, उजवा असं काही चाललेलं नव्हतं. गाणं धावतं असलं की पाय धावायचे. पण लांब सुराला एकच पाय सावकाश खाली जात होता, हात जसा वजन देईल तसा, आणि दुसरा पाय आपोआप वर येत होता. सूर ओसरला तसा हात सैल झाला आणि पायही सैल झाला. कुणी न सांगता. हात आणि पाय एकत्र!

"सापडलं!" दत्ताराम ओरडून उठला. पेटी बंद पडली, रघू तोंड उघडं टाकून उभा राहिला. "रघू, परत सा लाव! डावीकडे वळतोय!"

त्या संध्याकाळी तालमीत दुसरं काही झालं नाही. रघूनं सा लावायचा, दत्तारामनं पट्ट्यांवर कलून एक पाय दाबायचा. डावं वळण, उजवं वळण, परत डावं. रघूचा घसा दुसऱ्या दिवशी पार बसला आणि नाटक पुढे ढकलावं लागलं. मंडळानं दत्तारामशी बोलणं टाकलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. येता-जाता, कचेरीत, जेवताना तो नाकातल्या नाकात सा धरून टेबलाखाली पाय दाबत होता. साहेबांनी एकदा वाकून टेबलाखाली बघितलं आणि निघून गेले.

महिन्याचा शेवटचा रविवार. कॅप्टननी हाताची घडी घातली. "वळा."

दत्तारामनं सा धरला. चाक कललं, त्याबरोबर डावा पाय सावकाश गेला, सूर ओसरता ओसरता दोघं परत आले. गोळी नळीच्या मधे बसून राहिली. उजवं वळण. गोळी मधे.

"हे काय गुणगुणताय?" कॅप्टननी विचारलं.

"सा, मॅडम. थांबवू?"

"थांबवलंत तर खबरदार."

केळशीला जायची परवानगी काढताना गंगारामनं शेवटचा डाव टाकला. "तुझ्या श्रेणीला विमानप्रवास मंजूर नाही." दत्ताराम म्हणाला, "मी प्रवासी कुठे? मी चालवणारा." "चालकाचं पद आपल्या शाखेत नाही," गंगाराम म्हणाला. पण तालमीनंतर त्याच्या बोलण्यात पूर्वीचा जोर राहिला नव्हता, आणि साहेबांनी सही केली.

निघायच्या दिवशी आवडाबाईंच्या पोटावर, लुगड्याच्या आत, सदूच्या सांगण्यावरून वर्तमानपत्राची घडी बांधली होती. त्यानं गाडी लागत नाही म्हणतात. एका मुठीत लिंबू, कनवटीला आवळासुपारी, आणि मांडीवर भली मोठी पिशवी.

"आई, पिशवी कशाला?"

"बाबूला फणसपोळी न् कडबोळी. माहेरी काय रिकाम्या हातानं जायचं?"

कॅप्टननी दत्तारामकडे बघितलं, दत्तारामनं खाली बघितलं. एवढ्या आनंदात निघालेल्या म्हातारीला सांगणार कोण? विमान उडालं. किनारा उजव्या हाताला ठेवून ते उत्तरेला निघालं. जयगड गेलं, गुहागर गेलं, दाभोळची खाडी गेली. सरळ रस्ता होता तोवर मागे सगळं ठीक होतं. खरी परीक्षा केळशीवर. बाबूमामाला निरोप गेला होता, तो समुद्राकाठी पुळणीवर उभा राहणार होता, आणि त्याला दाखवायचा तर गावाला फेऱ्या घालायलाच हव्या होत्या.

केळशी आली. दत्तारामच्या तळपायांना घाम फुटला. पाय वळवळायला लागले; डावा, उजवा. आता जर सुटलात, तो मनात म्हणाला, तर आयुष्यभर गमबुटात ठेवीन. त्यानं श्वास घेतला आणि सा लावला. पहिला उजवा फेरा. गोळी मधे. दुसरा. गोळी मधे. मागून काहीच आवाज नव्हता. त्याला मागे वळून बघायची छाती होईना. तिसरा फेरा घेताना त्याचा सूर भीतीनं कापत होता, पण पाय कापला नाही.

"दत्तू," मागून आवाज आला.

"काय गं आई? लिंबू हुंग, लिंबू!"

"अरे, केळशीत देवीची देवळं तीन-तीन कधी बांधलीनीत?"

दत्तारामनं गोळीवरची नजर हलवली नाही.

"न् तिन्ही देवळांच्या अंगाला पुळणीवर बाबूच कसा उभा? तिन्हीकडे धोतर हलवतोय बघ!" मग काचेला नाक लावून, "विहीर दिसली रे आमची. रहाट अजून आहे."

कॅप्टन रेगेंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्या हसत होत्या की काय, चष्म्यामुळे समजलं नाही.

"बरं, आता उतरव खाली," आवडाबाई म्हणाल्या. "चहा घेऊन निघू."

"आई, इथे नाही उतरता येत. धावपट्टी नाही."

"म्हणजे? दारापर्यंत येऊन परत?"

रत्नागिरी येईपर्यंत त्या पिशवी छातीशी धरून बसल्या. उतरल्यावर पोटावरचा पेपर काढून त्यांनी दत्तारामच्या हातात दिला आणि कॅप्टनसमोर उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही एवढं शिकवलंत, पण याला वळायचं काही जमलं नाही हो. सरळ गेला न् सरळच आला. मला एक वळण म्हणून लागलं नाही."

दत्ताराम समजवायला पुढे झाला. कॅप्टननी त्याचा दंड धरला. "गप्प बसा, भाटकर. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत असं सर्टिफिकेट कुणाला मिळालेलं नाही." आणि या वेळी त्या खरोखरच हसल्या.

आवडाबाईंनी मूठ उघडली. लिंबू तसंच होतं, नखसुद्धा लागलेलं नव्हतं. ते त्यांनी कॅप्टनच्या हातात ठेवलं. "सरबत करून घ्या. उन्हाच्या फिरता." मग पिशवी उचलून मुलाकडे वळल्या. "बाबू आता वर्षभर बोलणार नाही माझ्याशी. दारावरनं गेले न् उंबऱ्याशी टेकले नाही. उद्याच्या एसटीची दोन तिकिटं काढ."

"एसटी? आई, अगं, वळणं! आणि लिंबू तर तू देऊन टाकलंस!"

"तू बाजूला बस न् मघाचा तो सूर धर," आवडाबाई म्हणाल्या. "न् पाय जागेवर ठेव."